उजेताच्या दंडावरचा डाग

उकंडराव तुळशीराम खर्चे यांच्या आधी त्यांच्या आईला चार मुलं झाली आणि चारही गेली. पाचवं झालं तेव्हा नाळ कापल्याबरोबर सुईणीनं ते घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे शेणकचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. शेजारणीनं ते ‘सापडलं’ म्हणून उचललं, आणि आईनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून परत घेतलं. टाकून दिलेल्या पोराकडे कुणी पाहत नाही, मरणही पाहत नाही, अशी त्यामागची समजूत. नावही त्याच समजुतीनं ठेवलं. धामणगाव बढे आणि आसपासच्या गावांत तेव्हा अशी नावं गल्लोगल्ली होती. कडूबा, धोंडू, दगडू. नाव ऐकलं की त्या घरात आधी काय झालं ते वेगळं विचारावं लागत नसे.

उकंडराव जगले. त्यामुळे या उपायाचा गावातला सगळ्यात मोठा पुरावा ते स्वतःच होते.

सातवी पास झाल्यावर त्यांना नोकरी लागली ती देवी टोचण्याची. मोताळ्याच्या बाजूची वीस-बावीस गावं त्यांच्याकडे होती. खांद्याला पत्र्याची पेटी, पेटीत लसीच्या काचेच्या नळ्या, स्पिरिटची बाटली आणि टोचायची फिरकी. ही फिरकी म्हणजे बारीक दातांची गोल चकती. दंडावर लसीचा थेंब ठेवायचा, त्यावर ती दाबून बोटांनी फिरवायची. आठवड्यानं फोड यायचा, तीन आठवड्यांनी खपली पडायची, आणि जागेवर खड्ड्यासारखा गोल व्रण उरायचा. आधी व्रण आहे का ते पाहायचं, मगच नोंद करायची. नाव, वय, बापाचं नाव, जुना डाग आहे की नाही. त्यांचं अक्षर रेखीव होतं आणि ते सावकाश लिहीत.

इतकी नावं लिहिणाऱ्या माणसाला नावांचा कान तयार होतो. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास रजिस्टरातली नावं बदलू लागल्याचं त्यांच्या ध्यानात आलं होतं. सरूबाई, ठकूबाई कमी होऊन सुनंदा, विजया, सविता दिसू लागल्या होत्या. बहुतेक ‘ता’ किंवा ‘या’वर संपणाऱ्या. त्या नावांत मेलेली आजी नव्हती, देव नव्हता, आणि आधी गेलेल्या भावंडांची खूणही नव्हती. उकंडरावांना ते आवडे. स्वतःचं नाव सांगताना समोरचा माणूस क्षणभर थांबतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

त्यांना स्वतःला दोन मुलं झाली होती. थोरली शकुंतला. तिला त्यांनी स्वतःच्या हातानं टोचलं, पाच महिन्यांची असताना. नवव्या दिवशी ती हगवणीनं गेली. लसीचा आणि हगवणीचा संबंध नव्हता. ते त्यांना ठाऊक होतं, डॉक्टरांनीही सांगितलं. त्यांच्या आईला, शालूबाईंना, फक्त नऊ दिवस ठाऊक होते. दुसरा मुलगा न टोचताच तापानं गेला, पण तो हिशोबात धरायला कुणी तयार नव्हतं.

तिसरी मुलगी १९६३च्या कार्तिकात झाली. कोकिळा, उकंडरावांची बायको, बाळंतपणाला माहेरी लोणारला न जाता धामणगावातच राहिली होती, कारण मूल झाल्याबरोबर उकंड्यावर ठेवायचं असं शालूबाईंनी ठरवलं होतं. उकंडराव दारात उभे राहिले आणि त्यांनी मूल बाहेर नेऊ दिलं नाही. बाराव्या दिवशी त्यांनी नाव सांगितलं. उजेता.

असं नाव गावात कुणाचं नव्हतं. तालुक्यातही नव्हतं, आणि कुठल्या पोथीत किंवा पंचांगातही नव्हतं. वस्त्यांमधल्या पायवाटांनी जाता-येता महिनाभर अक्षरं जुळवून त्यांनी ते स्वतः बनवलं होतं. उजेडातला ‘उजे’ आणि सविता, अनिताचा ‘ता’. तीन अक्षरी, हाक मारायला सोपं, कागदावर छान दिसणारं. पहिलं अक्षर त्यांच्या स्वतःच्या नावाचं होतं आणि बाकी सगळं त्या नावाच्या उलट.

“उजेता म्हंजे काय?” शालूबाईंनी विचारलं.

“उजेडातून आलेली.”

“अन् उकंडा म्हंजे काय ते तुले ठाऊक हाय. उकंड्यावरचा जगला. उजेडातल्याले सारे पाह्यतेत, बापू.”

“मी नावानं नाई जगलो, माय. मले लहानपणी टोचलं होतं. हे पाय, दोन डाग हायेत.”

“डाग तं शकुंतलेच्याई दंडावर होता.”

शेवटी तडजोड झाली. नाव राहील, पण मुलगी पाच वर्षांची होईपर्यंत ते कुठल्याही कागदावर लिहायचं नाही, आणि तोवर तिला सुई लावायची नाही. शालूबाईंनी पाय पुढे केले आणि मुलाला त्यांना हात लावून शपथ घ्यायला लावली. त्यांनी घेतली. शालूबाईंनी मात्र ते नाव तोंडातून कधी काढलं नाही. त्या नातीला ‘दगडी’ म्हणत.

एसटी स्टँडजवळ कडूबाचं चहाचं हॉटेल होतं. कडूबा उकंडरावांचा शाळासोबती. दोघांच्या नावांमागची गोष्ट एकच.

“काय बे उकंड्या,” त्यानं कपात चहा ओतता ओतता विचारलं, “हे पोट्टीचं नाव हाय का औषधाची शिशी? उजेता. दिवसातून तीन खेपा, जेवणाच्या अगोदर.”

“तुले नाई कळणार. तुहं नावच कडू.”

“कडू हाय म्हून तं जित्ता हाय ना बाप्पा.”

पौषात कोकिळा मुलीला घेऊन लोणारला गेली. उकंडराव चार दिवसांची रजा काढून मागोमाग गेले. पेटी नेली नाही. लसीची एक नळी आणि फिरकी तेवढी खिशात होती. कोकिळेनं ती पाहिली.

“शपथ घेतली ना तुम्ही,” ती म्हणाली.

“घेतली.”

“अन् नऊ दिवसांत काही झालं तं?”

“मी नऊ दिवस इथंच राहातो.”

त्यांनी रजा वाढवली आणि राहिले. मुलीला ताप आला, फोड आला, भरला. नववा दिवस गेला. दहाव्या दिवशी ते धामणगावला परतले. या टोचणीची नोंद त्यांनी कुठंच केली नाही. नोकरीत त्यांनी केलेलं हे पहिलं नोंद नसलेलं काम.

होळीच्या आधी कोकिळा सासरी आली. पहिल्याच संध्याकाळी शालूबाईंनी नातीला आंघोळीला घेतलं आणि डाव्या दंडावरचा व्रण त्यांना दिसला.

“हे काय व?”

कोकिळा चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही. “आईनं बिब्बा लावला, आत्याबाई. नजर लागू नये म्हून.”

बिब्ब्याचं तेल कातडीवर लावलं की कातडी जळते, काळा डाग राहतो. तापल्या सुईनं बिब्बा टोचून तान्ह्या मुलांना असे डाग देण्याची रीत त्या भागात घरोघर होती, फक्त पोटावर किंवा पायाला. दंडावर कुणी देत नसे. शालूबाईंनी डाग निरखला. त्यांना तो नवा वाटला, पण पटला. “तुही माय शहाणी हाय,” त्या म्हणाल्या.

उकंडराव ओसरीत बसून हे ऐकत होते. ते काही बोलले नाहीत. बोलायची वेळ तीच होती, हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं.

१९६५च्या चैत्रात धामणगावात देवी आल्या. खालच्या गल्लीत सुरुवात झाली. बाया पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकत, घरात फोडणी देत नसत, आणि टोचणाऱ्याला दारातून परत पाठवत, कारण घरात देवी आलेली असताना सुई म्हणजे तिचा अपमान. महिन्याभरात सात मुलं गेली. उकंडरावांच्या घराला लागून असलेल्या घरातली दोन त्यांतच. त्या घराच्या आणि यांच्या अंगणामध्ये फक्त तुराट्यांचं कूड होतं. उजेता दीड वर्षाची होती, ती त्या मुलांशी खेळत असे, त्यांच्या ताटलीतलं खात असे. तिला काही झालं नाही.

टोचणाऱ्याची मुलगी न टोचता वाचली, हे सगळ्या गावानं पाहिलं. तिला टोचलं नाही हे शालूबाई स्वतः सांगत. मग वाचली कशी? गावानं आपापसांत विचार केला आणि उत्तर शोधलं. ते नाव मरणाच्या ओळखीचं नव्हतं. आजवर त्या नावाचं कुणी मेलंच नव्हतं, तर यादीत सापडणार कसं? आणि दंडावरचा बिब्बा.

पुढच्या श्रावणात दुसरी उजेता झाली, शेजारच्याच घरात. मग मोताळ्याच्या रस्त्यावरच्या एका वस्तीत. मग धामणगावात आणखी दोन. आधीची मुलं गेलेल्या बाया शालूबाईंकडे येत, नातीचा दंड पाहत, डाग बोटांनी मोजत आणि घरी जाऊन बिब्बा तापवत. बरोबर त्याच जागी. मुलगा झाला तर ‘उजेश’ म्हणत. नावाचा अर्थ कुणी विचारत नसे. अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: या घरात आधीची गेली आहेत.

कडूबा आता थट्टा करत नव्हता. त्याच्या पुतणीचं नाव त्यानंच सुचवलं होतं. “तुह्या शिशीत ताकद हाय बाप्पा,” तो म्हणाला, आणि चहाचे पैसे घेईना.

काय चाललं आहे ते उकंडरावांच्या पुरतं ध्यानात आलं ते १९६६च्या हिवाळ्यात, तपासनीस माणिकराव दौऱ्यावर आले तेव्हा. गावापासून दोन मैलांवर शेतमजुरांची वस्ती होती. माणिकराव जीपमधून उतरले, मुलांना रांगेत उभं केलं, बाह्या वर करायला लावल्या आणि चालत चालत दंड पाहत गेले.

“उत्तम. सगळ्यांना डाग आहेत,” ते म्हणाले. “वस्ती पूर्ण.” त्यांनी डायरीत तसं लिहिलं.

उकंडराव मागे उभे होते. त्या रांगेतल्या सहा लहान मुलांना त्यांनी कधीच टोचलं नव्हतं. त्यांच्या आयांनी दारातूनच नको म्हटलं होतं. डाग सपाट होता, काळसर, कडेला पसरलेला. लसीचा व्रण खोल असतो, त्यात बारीक रेघा असतात. जवळून पाहिलं तर फरक दिसतो. माणिकराव जवळून पाहत नव्हते.

त्या रात्री जेवताना त्यांनी कोकिळेला हळू आवाजात सांगितलं, “आता सांगून टाकाव लागते.”

“पाच वर्षं होऊ द्या. दोनच राह्यले.”

“दोन वर्षांत देवी येतीन.”

“आत्याबाईच्या पायाची शपथ मोडली हे त्याह्यले कळलं, तं त्या अन्न सोडतीन. मंग ते पाप कोनाच्या माथी?”

हिवाळा गेला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच वस्तीवरचा एक मजूर दूरच्या लग्नाहून ताप घेऊन आला. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पुरळ उठलं.

निरोप पोचायला चार दिवस गेले. उकंडराव सकाळी वस्तीवर पोचले तेव्हा मजुराच्या तोंडावर फोड भरले होते. भिंतीला भिंत लागून सहदेवचं घर होतं. सहदेवची बायको बेबीताई, वय चोवीस-पंचवीस. दोन मुली गेलेल्या, तिसरी सोळा महिन्यांची, कडेवर. डाव्या दंडावर डाग.

“कधी गेली होती पोट्टी त्या घरात?” उकंडरावांनी विचारलं.

“रोजच जाते. तो तिचा मामा लागते. आल्यापासून त्याच्याच खाटेवर होती.”

त्यांनी मनात मोजलं. पुरळ उठून चार दिवस. लागण झाली असेल तर लस अजून रोगाच्या पुढे पळू शकत होती, पण एखादाच दिवस. त्यांनी पेटी उघडली.

बेबीताईनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. “कायले? तिचं नाव उजेता हाय.”

“मले ठाऊक हाय. टोचाव लागते.”

“तुमच्या उजेताले तरी कुठं टोचलं होतं?”

“टोचलं होतं,” उकंडराव म्हणाले. “लोणारले. मीच टोचलं. तो डाग बिब्ब्याचा नोहे, ताई. लसीचा हाय.”

बेबीताई त्यांच्याकडे पाहत राहिली. मग हसली. “आता सांगून राह्यले? तीन वर्षांनं? सरकारनं हुकूम धाडला दिसते तुमाले. तुमची माय काय खोटी बोलते का?”

सहदेव दारात आला. तो उंच, कमी बोलणारा माणूस. “जा भाऊ,” तो म्हणाला. “देवी घरात हाय. सुई दाखवू नका.”

वस्तीवर त्या दिवशी एकानंही दंड पुढे केला नाही.

उकंडराव घरी आले आणि ओसरीत बसलेल्या आईसमोर उभे राहून त्यांनी लोणारची गोष्ट सांगितली. कोकिळा दाराआड होती. शालूबाईंनी सगळं ऐकलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.

“माह्या पायाले हात लावला होता तू.”

“हो.”

“म्हंजे माही दगडी वाचली ते सुईनं.”

“हो, माय. वस्तीवर चाल. तू सांगशीन तं त्या बाया ऐकतीन.”

“मी अकरा घरी सांगतलं का ते बिब्ब्यानं झालं म्हून,” शालूबाई म्हणाल्या. “आता कोन्या तोंडानं जाऊ?” आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अन्नाला हात लावला नाही. कोकिळा त्यांच्यापाशी बसून राहिली. उकंडराव दोन्ही दिवस वस्तीवर जाऊन परत आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोकिळेनं सासूला न विचारता मुलीला कडेवर घेतलं आणि दोन मैल चालत वस्तीवर गेली. उकंडराव पेटी घेऊन आधीच तिथं होते. वस्तीच्या तोंडाशी निंबाखाली उजेताचं झबलं काढलं आणि तिला बेबीताईच्या पोरीशेजारी बसवलं. डावा दंड डाव्या दंडाजवळ.

“पाय,” कोकिळा म्हणाली. “बोट लाव. माह्या पोरीचा खड्डा हाय. तुह्या पोरीचा सपाट हाय. मीच खोटं बोलली होती सासूले. बिब्बा मीच सांगतला.”

बेबीताईनं बोट लावलं. एकदा इथं, एकदा तिथं. पुन्हा इथं. बाकीच्या बाया वाकून पाहत होत्या. मग बेबीताईनं पोरीचा उजवा दंड उकंडरावांपुढे केला.

मजुराला पुरळ उठल्याचा तो सातवा दिवस होता. उकंडरावांनी थेंब ठेवला, फिरकी फिरवली. पोरगी रडली. त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि नाव लिहिलं: उजेता सहदेव. तीन वर्षांपूर्वी स्वतः जुळवलेली अक्षरं ते कागदावर पहिल्यांदा लिहीत होते. त्या दिवशी वस्तीवर एकेचाळीस दंड पुढे आले.

पाच दिवसांनी मुलीला ताप भरला. उजव्या दंडावरचा फोड तेव्हा नुकता धरत होता. दोन दिवसांनी तोंडावर पुरळ उठलं. बेबीताई उकंडरावांना काही बोलली नाही. अंगावरचे देवीचे फोड पिकायच्या आतच, आजाराच्या नवव्या दिवशी, मुलगी गेली. वस्तीवरच्या टोचलेल्या इतर मुलांपैकी कुणाला काही झालं नाही.

रोग्यांची नोंद करायचं रजिस्टर वेगळं होतं. त्यातली ओळ उकंडरावांनी भरली: नाव, वय, बापाचं नाव, पुरळ उठल्याची तारीख, निकाल. एक रकाना त्यांनी मोकळा ठेवला. टोचणीचा जुना डाग: आहे किंवा नाही.

माणिकराव आले तेव्हा त्यांनी बोट त्या रकान्यावर ठेवलं.

“हा का राहिला?”

“डाग होता. लसीचा नव्हता.”

“डाग होता ना? मी मागच्या वर्षी स्वतः पाहिला आहे. डायरीत आहे माझ्या.” माणिकरावांनी आवाज उतरवला. “‘आहे’ लिहा, उकंडराव. लस उठली नसेल, असं होतं कधी कधी. तुम्हालाही कुणी विचारणार नाही, मलाही नाही. ‘नाही’ लिहिलंत तर ही वस्ती पूर्ण कशी झाली ते दोघांना विचारतील.”

“हो.”

“आणि मग तुमच्या मुलीचंही निघेल. नोंद न करता टोचलंत ते.”

उकंडरावांनी टाक शाईत बुडवला, टोकावरचा थेंब दौतीच्या काठाला पुसला, आणि सावकाश, रेखीव अक्षरात लिहिलं: नाही. शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं. मग पेटी खांद्याला लावली.

पुढच्या गावात दोन उजेता होत्या. एक सव्वा वर्षाची, एक चार महिन्यांची. दोघींच्या डाव्या दंडावर डाग होता, आणि सहदेवच्या वस्तीवरचे मजूर रोज त्याच गावात कामाला जात होते.